व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेत पाडलेली फूट कशी अभ्यासावी

व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत झालेल्या आंदोलनाचा अभ्यास बहुतेक जण मोर्चांच्या छायाचित्रांपासून सुरू करतात. तसे केल्यास संताप दिसतो, परंतु तो कोणत्या निर्णयातून उद्भवला हे कळत नाही. म्हणून आधी दोन रकान्यांचा तक्ता करावा. डावीकडे युद्ध वाढवणारे निर्णय तारखांसह लिहावेत आणि उजवीकडे त्याच सुमारास देशात काय घडले याची नोंद करावी. १९६३ अखेर व्हिएतनाममध्ये सुमारे १६,००० अमेरिकी सैनिक होते आणि त्यांना अधिकृतपणे ‘सल्लागार’ म्हटले जाई. हीच संख्या १९६५ अखेर सुमारे १,८४,००० झाली आणि एप्रिल १९६९ मध्ये ५,४३,००० च्या आसपास पोहोचली. मार्च १९६५ च्या आरंभी उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले, ८ मार्चला अमेरिकी मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधील दा नांग येथे उतरले आणि २४ मार्चच्या रात्री मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी युद्धावर रात्रभर खुली चर्चा केली. या तारखा शेजारीशेजारी आल्या की कारण आणि परिणाम यांतील अंतर किती कमी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर विरोधाला अधिकृत वाट कुठे होती, हे तपासावे. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ले झाल्याच्या वृत्तानंतर अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची जवळजवळ मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. मॉर्स आणि ग्रूनिंग हे दोन सिनेटर सोडले, तर संसदेत विरोधी मत नव्हतेच. जे सभागृहात बोलले गेले नाही ते पुढे विद्यापीठांच्या आवारांत आणि रस्त्यांवर बोलले गेले, असे मला वाटते. तोच ठराव सिनेटमध्ये पुढे रेटणाऱ्या सिनेटर फुलब्राइट यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये युद्धाविषयी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या सुनावण्या घेतल्या. हा बदल अभ्यासकाने अवश्य नोंदवावा.

तिसरा प्रश्न युद्धाची किंमत कोणाच्या घरातून वसूल झाली, हा आहे. जुलै १९६५ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा मासिक आकडा १७,००० वरून ३५,००० वर नेण्याची घोषणा झाली. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना भरती पुढे ढकलण्याची सवलत होती. साहजिकच भार कामगार आणि गरीब कुटुंबांवर अधिक पडला. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये केलेले युद्धविरोधी भाषण आणि त्याच महिन्यात मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी भरतीला दिलेला नकार या पार्श्वभूमीवर वाचावेत. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढून भरतीचा क्रम ठरवण्यात आला, तोवर ही विषमता उघड झालेली होती. १९६८ मधील १० टक्के प्राप्तिकर अधिभाराचीही नोंद करावी, कारण भरतीची झळ न लागलेल्या घरांतही त्यामुळे युद्ध पोहोचले.

सर्वाधिक काळजी जनमत चाचण्या वाचताना घ्यावी लागते. ‘व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती का?’ हा प्रश्न गॅलप संस्था वर्षानुवर्षे विचारत होती. ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोकांनी होकार दिला, तर ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे त्या वर्षारंभी कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेल्या टेट आक्रमणानंतर, ५३ टक्क्यांनी. यावरून बहुसंख्य जनता आंदोलकांच्या बाजूला गेली असा निष्कर्ष मात्र काढू नये. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाने निदर्शकांवर केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि केवळ ११ टक्क्यांनी गार्डला. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी निदर्शकांना मारहाण केली. युद्ध नको असणे आणि युद्धविरोधक आवडणे या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्यांचे आकडे वेगवेगळे मांडावेत. अध्यक्ष निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात ‘मूक बहुसंख्यां’ना घातलेली साद नेमकी या दोहोंमधील फटीवर उभी होती. सगळे तरुण विरोधात आणि सगळे वडीलधारे बाजूने, ही समजूतही चाचण्यांत टिकत नाही. अनेकदा तिशीच्या आतील लोकांचा युद्धाला पाठिंबा वृद्धांपेक्षा जास्त आढळे.

मोर्चांच्या गर्दीचे आकडे पोलीस आणि आयोजक वेगवेगळे देतात. दोन्ही लिहावेत आणि पुढे जावे.

तक्ता १९७० पुढे नेताना एक अडचण येते. सैन्यसंख्या घटत होती, १९७१ अखेर ती सुमारे १,५७,००० वर आली होती, तरीही एप्रिल १९७१ मध्ये युद्धातून परतलेल्या सैनिकांनी संसद भवनासमोर आपली पदके फेकून दिली. यासाठी तिसरा रकाना हवा: कोणती गोष्ट लोकांना केव्हा कळली. अमेरिकी सैनिकांनी माय लाई येथे केलेले गावकऱ्यांचे हत्याकांड १६ मार्च १९६८ चे, पण त्याची सविस्तर बातमी फुटली नोव्हेंबर १९६९ मध्ये, वॉशिंग्टनमधील १५ नोव्हेंबरच्या प्रचंड मोर्चाच्या अगदी तोंडावर. युद्धाविषयीच्या पेंटॅगॉनच्या गोपनीय कागदपत्रांतील मजकूर अनेक वर्षांपूर्वीच्या निर्णयांचा होता, परंतु वृत्तपत्रात तो छापून येऊ लागला १३ जून १९७१ पासून. अशा घटनांची नोंद दोन तारखांखाली दोनदा करावी, आणि देशातील पडसाद शोधताना दुसरी तारीख धरावी.