मागचा शॉकअप बदलण्याआधी: हिमालयन ४११ चं लिंकेज, सॅग आणि बाकीची कामं

वीस-पंचवीस हजार किलोमीटर झाले की टूरिंग बाईकबद्दल एक तक्रार ठरलेली असते: मागून दणके बसतात, खड्ड्यात चाक उडतं, शॉकअप गेला. मग पंधरा-वीस हजारांचा नवा शॉक शोधायला सुरुवात होते. पुष्कळदा त्या शॉकमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. खाली लिंकेजची (शॉकला चाकाशी जोडणाऱ्या हलत्या सांध्यांची) बेअरिंग कोरडी पडून जाम झालेली असतात, स्प्रिंगचा प्रीलोड (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे ते) शोरूममधून निघाला तसाच असतो आणि मागच्या टायरमध्ये हवा भलतीच असते. कामाचा क्रम म्हणून असा ठेवावा: आधी हवा, मग सांधे, मग सॅग (भाराखाली गाडी मागून किती बसते ते माप), आणि शेवटी शॉक. क्रम उलटा केला तर जाम लिंकेजवर महागडा शॉक बसतो आणि दणके होते तसेच राहतात.

इथे रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ नमुन्याला घेतली आहे. मागे एक शॉक, त्याखाली लिंकेज, चाकाची हालचाल १८० मिमी. इतर लिंकेजवाल्या गाड्यांना हेच काम लागू पडतं, फक्त आकडे आपापल्या मॅन्युअलमधले घ्यावेत. क्लासिक किंवा इंटरसेप्टरसारख्या दोन शॉकवाल्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

नक्की काय बिघडलंय?

टायर गार असताना हवा मॅन्युअलप्रमाणे भरा. पंपावरचा गेज विश्वासाचा नसतो, स्वतःचा ठेवा. चार-पाच पीएसआय जादा हवा असली तरी लहान खड्डे थेट कमरेत येतात आणि दोष शॉकअपच्या माथी बसतो.

मग गाडी सेंटर स्टँडवर घ्या. मागचं चाक तळाशी धरून हलक्या हाताने वर उचला, सोडा, पुन्हा उचला. स्प्रिंग दबायच्या आधीच 'टक्' असा मोकळा खेळ जाणवला तर लिंकेजचं बेअरिंग, कॉलर (बेअरिंगच्या आतली नळी) किंवा शॉकच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या कडीतला, बुश झिजला आहे. एका हाताची बोटं सांध्यावर ठेवून दुसऱ्याने चाक उचललं की टक् कुठल्या सांध्यात होते ते बोटांना कळतं. आता स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीची) मागची टोकं धरून आडवी ढकला. तिथे खेळ जाणवला तर स्विंगआर्मच्या सांध्याचा संशय घ्या. टायर धरून ढकलू नका, त्यात चाकाच्या बेअरिंगचा खेळ मिसळतो आणि निदान चुकतं.

शॉकच्या चकचकीत दांड्यावर तेलाची पुसट ओल असते, ती चालते. सील ओलं राहायलाच हवं. धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल किंवा तेल ओघळून खालच्या डोळ्यापर्यंत आलं असेल तर सील गेलं. दांड्यावर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही.

शेवटची चाचणी डॅम्पिंगची, म्हणजे शॉक उसळी किती आवरतो याची. गाडी चाकांवर उभी करून सीट जोरात दाबा आणि सोडा. मागची बाजू एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर रिबाउंड (वर येताना आवरण्याची ताकद) संपलेला आहे. फार सावकाश, अडखळत वर आली तर मात्र शॉकपेक्षा सांध्यांचा संशय घ्या.

लिंकेज कोरडं का पडतं

लिंकेजमध्ये नीडल (बारीक सुयांची) बेअरिंग असतात, पण ती पूर्ण फिरत नाहीत. गाडी चालते तेव्हा काही अंशांतच मागेपुढे होतात. प्रत्येक सुई तेवढ्याच जागेवर घासत राहते, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि परत आत येत नाही. त्यातून हा सगळा सांधा चाकाच्या पुढ्यात, चिखलाच्या थेट माऱ्यात. कोकणातला एक पावसाळा किंवा स्पितीकडचे चार नाले पार केले की सीलमधून पाणी आत शिरतं. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशर वॉशरचा फवारा अगदी जवळून मारला की उरलंसुरलं काम होतं. मग कॉलरवर सुयांच्या रेघा उमटतात, लाल-तपकिरी गंजाची पूड जमते, आणि लहान खड्ड्याला लिंकेज हलतच नाही.

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये लिंकेज खोलत नाहीत. वेगळं सांगावं लागतं. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, हे करून घ्यावं. पाण्यातून जास्त फिरणाऱ्यांनी दहा हजार किलोमीटरची मर्यादा धरावी.

खोलायचं सामान

सॉकेट सेट, टॉर्क रेंच, प्रीलोडचा हुक पाना, रबरी हातोडा, पितळेचा किंवा ॲल्युमिनिअमचा ड्रिफ्ट (ठोकताना मध्ये धरायची दांडी), रॉकेल, अंगाला लोंबणारे धागे नसलेल्या चिंध्या, जुना टूथब्रश, व्हर्निअर. ग्रीस एनएलजीआय २ दर्जाचं (हा घट्टपणाचा आकडा, डब्यावर असतो), पाण्याला टिकणारं. लिंकेजसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं उत्तम. शंभर ग्रॅम पुरून उरतं. जुनं ग्रीस कुठलं आहे माहीत नसेल तर त्यावर नवं लावू नका. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. पूर्ण धुऊन मगच भरा.

नवी डस्ट सील आधीच आणून ठेवा. जुनी काढताना बहुधा फाटतात, आणि रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.

काम

गाडी सेंटर स्टँडवर, सपाट जमिनीवर. पुढचा ब्रेक दाबून दोरीने बांधा म्हणजे स्टँडवरून पुढे सरकणार नाही. मागच्या टायरखाली लाकडी फळ्या किंवा लहान जॅक द्या. लिंकेजचा बोल्ट निघाला की स्विंगआर्म चाकासकट खाली येतो, तो या फळ्यांवर टेकायला हवा.

सगळे नट आधी अर्धा आटा सैल करून घ्या आणि मगच काढायला लागा. बोल्ट हाताने सरकत नसेल तर हातोडा उचलू नका. त्यावर भार आहे एवढाच त्याचा अर्थ. जॅक दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करा. नेमक्या जागी आला की बोल्ट बोटाने निघतो. हातोड्याने काढलेला बोल्ट कॉलरला आतून ओरखडतो आणि पुढच्या वेळी तो आणखी अडतो. ठोकायची वेळ आलीच तर नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतका परत चढवून, ड्रिफ्ट लावूनच ठोका, नाहीतर आटे दबतात.

कुठला बोल्ट कुठल्या बाजूने आत गेला होता, वॉशर कुठे होते, याचा मोबाईलवर फोटो काढा. लिंकेजचे बोल्ट सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. रॉकर (लिंकेजचा फिरणारा मुख्य तुकडा) उलटा बसवला तर गाडीची उंची बदलते, कधीकधी तो चेनलाही लागतो.

कॉलर बाहेर ओढताना खाली ताट ठेवा. काही बेअरिंगमध्ये सुया पिंजऱ्यात नसतात, सुट्या असतात, आणि त्या घरंगळत कुठेही जातात. बसवताना ग्रीसने चिकटवून एकेक परत लावायच्या. एक जरी कमी पडली तर बाकीच्या तिरक्या होतात, म्हणून निघालेल्या मोजून ठेवा.

सगळं रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, मग कॉलर उजेडात फिरवून बघा. नुसता रंग बदललेला असेल तर चालेल. नखाला लागतील अशा रेघा असतील तर कॉलर आणि बेअरिंग दोन्ही बदला. खराब कॉलरवर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, पहिल्या पावसाळ्यातच तेही खराब होतं.

बेअरिंग ठोकून बसवायचं नसतं. आट्यांची दांडी, दोन नट आणि मापाचे सॉकेट घेऊन ओढून बसवा. जुनं काढण्याआधी ते काठापासून किती आत होतं ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा; तेवढ्या जागेत सील बसतं. बेअरिंगच्या ज्या बाजूला नंबर छापलेला असतो ती बाहेर ठेवून, तिच्यावरच दाब द्या. दुसरी बाजू पातळ असते, चेपली की सुया अडकतात. हे जमेल असं वाटत नसेल तर फक्त रॉकर लेथवाल्याकडे न्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

ग्रीस सुयांच्या मधल्या फटींत अंगठ्याने दाबून भरा, नुसतं वरून फासून उपयोग नाही. कॉलरला बाहेरून पातळ थर, सीलच्या ओठावर थोडं, बोल्टच्या दांड्याला थोडं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही, कारण मॅन्युअलमधला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांचा असतो आणि ग्रीस लावलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जादा ताणला जातो. कॉलर घालताना थोडं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर आत कमी आहे.

चाक काढलेलंच असेल तर स्विंगआर्मचा मुख्य बोल्टही याच वेळी बाहेर काढा. वर्षानुवर्षं न काढलेला हा बोल्ट गंजून कॉलरला चिकटतो आणि मग वर्कशॉपमध्ये कापून काढावा लागतो. अडला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

शॉक मोकळा असेपर्यंत स्विंगआर्म हाताने वर-खाली करून बघा. कुठेही न अडता जड पण सलग चालला पाहिजे. ही तपासणी शॉक जोडल्यावर करता येत नाही, म्हणून विसरू नका. मग जोडणी, आणि प्रत्येक बोल्टला मॅन्युअलमधला टॉर्क. डोळ्यात रबरी बुश असलेले शॉक असतील तर शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उभी असताना करा. चाक लटकत असताना घट्ट केलं तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि तसंच राहून लवकर फाटतं.

सॅग: फुकटातली सुधारणा

यासाठी तीन मापं लागतात. मागच्या आखाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखाली किंवा कॅरियरवर एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. पहिलं माप चाक हवेत लटकत असताना. दुसरं गाडी चाकांवर, कोणी बसलेलं नसताना. तिसरं प्रवासाला निघता तसं: जॅकेट, बूट, सामान, आणि मागे नेहमी कोणी असेल तर तेही बसवून. मोजायला तिसरा माणूस हवा.

प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. एकदा मागची बाजू दाबून हळूच सोडल्यावर, एकदा उचलून हळूच सोडल्यावर. दोन्हींची सरासरी धरा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे सांध्यांचं घर्षण. लिंकेज नुकतं ग्रीस केलेलं असेल तर तो काही मिलिमीटरच असतो. दहाच्या पुढे गेला तर काहीतरी अजून अडतंय, परत खोला.

पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की सॅग मिळतो. समजा पहिलं माप ६१२ आणि तिसरं ५५६ आलं. सॅग ५६ मिमी, म्हणजे १८० च्या ३१ टक्के. टूरिंगसाठी ३० ते ३३ टक्के बरोबर आहे. ७०-७५ मिमी असेल तर गाडी मागून बसलेली आहे: खड्ड्यात तळ गाठते, वळणात बाहेर जाते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. प्रीलोड वाढवा. लिंकेजच्या बहुतेक गाड्यांत स्प्रिंगची १ मिमी चाकाशी दोन ते तीन मिमी होते, तेव्हा थोडं थोडं फिरवून परत मोजा. हुक पाना लावण्याआधी आट्यांवरचा चिखल ब्रशने काढून थोडं तेल मारा, नाहीतर खाचा तुटतात.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरतो. प्रीलोडने फक्त गाडी उभी राहण्याची उंची बदलते. म्हणून दुसरं मापही बघायचं. माणसासकट सॅग बरोबर आला, पण नुसत्या गाडीचा सॅग पाचेक मिमीच उरला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोडने ती दाबून धरली आहे. उलट नुसती गाडीच ३५-४० मिमी बसत असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, पण मोजल्यावर पटतं. जोडीदार आणि भरलेले दोन पॅनिअर (बाजूच्या सामानपेट्या) घेऊन नेहमी फिरणाऱ्यांना जास्त कडक स्प्रिंग लागते. तिथे अख्खा शॉक न बदलता नुसती स्प्रिंग बदलूनही भागतं.

सॅग बदलला की चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्यावर फिरतो तो बोल्ट) आणि मागचा आख एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. त्या स्थितीत तिला थोडा तरी खेळ हवा.

दोन शॉकवाल्या गाड्यांत लिंकेज नाही, त्यामुळे काम सोपं. एकेक बाजू काढा म्हणजे दुसरी स्विंगआर्मला धरून ठेवते. प्रीलोडच्या पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच ठेवा आणि बदलायचे तर दोन्ही बदला. इंटरसेप्टर ६५० ला मागे ८८ मिमीच हालचाल आहे, त्यामुळे तिथे सॅग २६-२९ मिमी धरावा. या गाड्यांत चुकीच्या प्रीलोडची शिक्षा लगेच मिळते, कारण चुकायला जागाच कमी आहे.

शॉक खरंच गेला असेल तर

हे सगळं करूनही गाडी डुलत असेल, किंवा मुंबई-गोवा महामार्गावरच्या काँक्रीटच्या सांध्यांवर सकाळी ठीक आणि दोन तासांनी उसळायला लागत असेल, तर आतलं तेल थकलं आहे. तेल तापून पातळ होतं, त्यात वायू मिसळून फेस होतो, आणि पिस्टन फेसातून काहीच न रोखता सरकतो. हा फेस होऊ नये म्हणून चांगल्या शॉकमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, बऱ्याच रिझर्व्हायर (बाजूला वेगळी डबी असलेल्या) शॉकमध्ये १० बारच्या आसपास.

त्यामुळे गॅसचा शॉक घरी खोलायचा नाही. त्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, आणि दबलेली स्प्रिंग, ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय उतरवायची नाही. कंपनीचे बरेच शॉक चेपून बंद केलेले असतात, ते उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यांना बदलणं हाच मार्ग. उघडता येणारा असेल तर सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडे न्या आणि चार गोष्टी विचारून घ्या: तेल कोणतं घालणार, दांड्याचं सील आणि पिस्टनची पट्टी नवी की जुनीच, नायट्रोजन किती दाबाने, आणि दांडा खराब असेल तर क्रोम करून मिळेल का. "हवा भरली तरी चालते" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. हवेत बाष्प असतं, ते आत गंज धरतं, आणि तापल्यावर दाबही जास्त चढतो. पेट्रोल पंपावरच्या हवेने तर तेवढा दाब येतही नाही.

बसवून झाल्यावर शंभरेक किलोमीटरनी सगळ्या बोल्टना परत एकदा टॉर्क रेंच लावा. सॅगही पुन्हा मोजा, कारण नवी स्प्रिंग किंचित बसते. तिन्ही मापं आणि प्रीलोडची खाच सीटखाली कागदावर लिहून चिकटवा. एकट्याची वेगळी, सामानासकट वेगळी.