चीगाँग कसं शिकावं: आधी नुसतं उभं राहा, मग बादुआनजिन

चीगाँग, म्हणजे संथ हालचाली आणि श्वास यांचा चिनी व्यायाम, शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी हात फिरवायला लागतात. माझा पहिला महिना असाच गेला. हात छान वरखाली व्हायचे, पण गुडघे ताठ आणि खांदे कानाला लागलेले. महिनाभराने मानच धरली. मग सगळं बाजूला ठेवून फक्त उभं राहायला शिकले आणि खरी सुरुवात तिथून झाली. म्हणून हा लेखही उभं राहण्यापासूनच सुरू करते.

त्याआधी थोडं नावाबद्दल. 'ची' म्हणजे श्वास, प्राण. 'गाँग' म्हणजे रोज घासून मिळवलेलं कसब. हा शब्द चीनमध्ये सर्वत्र रुळला तो 1950 च्या दशकात. ताओवाद्यांचा जुना शब्द 'दाओयिन', म्हणजे शरीर ताणत श्वासाला वाट दाखवणं. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथे 1973 साली एका थडग्यातून रेशमी कापडावरचं चित्र निघालं. त्यात 44 माणसं असेच व्यायाम करताना दिसतात, बायका आणि पुरुष दोन्ही. ते थडगं ख्रिस्तपूर्व 168 मधलं आहे. नवशिक्यासाठी या परंपरेतला सगळ्यात सोयीचा संच म्हणजे बादुआनजिन, 'रेशमी जरीवस्त्राचे आठ तुकडे'. सुंग राजवटीच्या काळापासून (960–1279) त्याचा उल्लेख सापडतो.

जागा दोन्ही हात पसरता येतील एवढी पुरे. कपडे सैल, पाय अनवाणी, फरशी गार असेल तर खाली सतरंजी. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. घाम आलेल्या अंगावर पंख्याचा झोत घेऊ नका.

पहिले दोन आठवडे: फक्त उभं राहणं

याला चिनी भाषेत 'झान झुआंग' म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर, बोटं समोर. गुडघे किंचित सैल सोडा, इतके कमी की समोरच्याला वाकलेले दिसूही नयेत. शेपटीचं हाड जमिनीकडे सोडा. कमरेतली पोकळी आपोआप कमी होते. हनुवटी जराशी आत. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेलं. हात पोटासमोर, मोठा चेंडू कवेत धरल्यासारखे, काखेत लिंबाएवढी जागा मोकळी. डोळे अर्धे मिटलेले.

यात एक शब्द पक्का लक्षात ठेवा: 'सुंग'. याचा अर्थ सैल, पण ढिलं नव्हे. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई आठवा. मान ताठ, खांदे मात्र सोडलेले, गुडघे मोकळे, आणि पाणी हिंदकळत नाही. अगदी तसंच उभं राहायचं आहे.

सुरुवात दोन मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. मांड्या भरून येतील, थरथरतील, ते चालतं. गुडघ्याच्या वाटीत दुखलं तर मात्र लगेच उंच व्हा, वाकण कमी करा. घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कान, खांदा, कंबर आणि घोटा साधारण एका रेषेत आहेत का, हे आरशापेक्षा फोटोत चांगलं कळतं.

मनाचं काय करायचं, हे सगळेच विचारतात. विचार हाकलायला जाऊ नका. लक्ष तळपायावर न्या, चवड्याच्या जरा मागच्या खोलगट भागावर. त्याला चिनी परंपरेत 'योंगछ्वान' म्हणतात, उसळणारा झरा. भार टाचेवर गेलाय की चवड्यावर, डाव्या पायावर जास्त की उजव्या, एवढंच बघत राहा. मन भटकतं, पुन्हा तळपायाशी येतं. चार-पाच दिवसांत जाणवेल की श्वास आपोआप पोटात उतरलाय.

श्वास नाकानेच घ्यायचा आणि सोडायचा. प्राणायाम करणाऱ्यांना इथे खास सांगते: कुंभक नाही. श्वास अडवू नका, मोजू नका, ओढून लांब करू नका. मी एकदा हट्टाने श्वास लांबवत गेले आणि भोवळ येऊन भिंत धरावी लागली. जबरदस्तीच्या सरावाने शरीर-मन बिघडतं, त्याला चिनी परंपरेत स्वतंत्र नावच आहे, 'झोउह्वो रूमो'. तिथे हा धोका गंभीरपणे घेतात, आपणही घ्यावा.

तिसऱ्या आठवड्यापासून: दर आठवड्याला एक तुकडा

पहिला तुकडा, 'दोन्ही हातांनी आकाश तोलणं'. तो नीट जमला की पुढचे सोपे जातात. बोटं पोटासमोर गुंफा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे फिरवा आणि वर ढकला. नजर हातांमागे जाते. कोपर सरळ झाले की हनुवटी परत खाली आणा आणि अजून थोडं वर ढकला. बरगड्यांच्या दोन्ही बाजू उघडल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. मग श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणा, गुडघे जरा सैल. असं सहा वेळा. वर जाताना टाचा उचलल्या जात असतील तर तुम्ही जास्त ओढताय. योगासनं करणाऱ्यांना शेवटपर्यंत ताणायची सवय असते. इथे ताकदीच्या सत्तर टक्क्यांवर थांबायचं.

दुसऱ्यात घोडेस्वारासारखं रुंद उभं राहून धनुष्य ओढायचं, नजर पुढच्या तर्जनीच्या पलीकडे. तिसऱ्यात एक तळवा वर, दुसरा खाली दाबत जातो. चौथ्यात मागे वळून बघायचं. फक्त मान वळते, धड समोरच राहतं. पाचवा, डोकं आणि कंबर घोळवण्याचा, सगळ्यात अवघड. गुडघे कच्चे असतील तर तो अगदी शेवटी घ्या किंवा सोडून द्या.

सहाव्यात हात पायांच्या मागून सरकवत पावलांपर्यंत न्यायचे. मणक्याची चकती सरकलेली असेल तर गुडघ्यांपर्यंतच. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली न्यायचं नाही. सातवा ताकदीचा: अंगठा आत घेऊन मूठ वळायची, डोळे वटारायचे आणि मूठ सावकाश पुढे न्यायची. वेगाने ठोसा मारला तर त्यातला अर्थच जातो. आठव्यात टाचा उचलून हलकेच सोडायच्या, सात वेळा. हाडं ठिसूळ असतील तर टाच आदळू न देता टेकवा.

चीनच्या क्रीडा खात्याने 2003 साली या संचाची जी प्रमाण पद्धत ठरवली, तिला साधारण बारा मिनिटं लागतात. व्हिडिओ निवडताना त्याच पद्धतीचा निवडा आणि आठवड्याचा तेवढाच तुकडा बघा. स्पर्श न करता ची फेकून रोग बरे करतो, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदर असाल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सराव कधीही तोडून उठू नका. शेवटी दोन्ही तळवे एकावर एक, बेंबीच्या तीन बोटं खाली ठेवा. हे 'दानतियान'. तिथे नऊ-दहा श्वास होऊ द्या, तळवे गरम होईपर्यंत चोळा, चेहऱ्यावरून फिरवा, आणि खोलीत दोन चकरा मारा.