कोल्हापुरात कॉलेजकडून फुटबॉल खेळायचा असेल तर

कोल्हापुरात फुटबॉलचे दोन हंगाम असतात. एक तालमींचा, म्हणजे पेठांमधल्या क्लबांचा. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) वरिष्ठ गट लीग, 16 संघ, आणि पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी दोन तालमींची मॅच असेल तर शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नाही. दुसरा कॉलेजचा, जो पेपरात चार ओळींत संपतो. एफवायला आलेल्या, विशेषतः गावाकडून आलेल्या पोरांसाठी हे लिहितोय ते या दुसऱ्याबद्दल.

सिलेक्शनच्या नोटिशीची वाट बघू नका. प्रवेश झाला की जिमखान्यात जाऊन खेळाच्या सरांना भेटा आणि सकाळच्या सरावाला उभे राहा. निम्मी टीम तिथंच ठरते. कागद आधीच जमवा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 17 ते 25 आहे. मध्ये शिक्षणात खंड पडला असेल तर तेही सरांना सांगून ठेवा.

टीममध्ये बहुतेक पोरं पेठांतली. मागच्या मोसमात तालमीच्या मॅचला एकमेकांना आडवं पाडलेले दोघं इथं एकाच मधल्या फळीत खेळतात. पहिला आठवडा ते एकमेकांना पास देत नाहीत, हे अगदी खरं आहे. त्यांच्यात पडू नका, कोण कुठल्या तालमीचा यावर तर चकार शब्द काढू नका. बाहेरच्या पोराला माझा सल्ला एकच: स्ट्रायकर म्हणून जाऊ नका. ती जागा मागणारे दहा असतात. मला साइड बॅकला जागा मिळाली, कारण पेठेतल्या कुणालाच ती नको होती. गोलीचंही तसंच. एकदा संघात बसलात की पुढं सरकता येतं.

शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे येतात. कॉलेजांच्या स्पर्धा आधी विभागीय, मग आंतरविभागीय. बाद पद्धत असल्यामुळं टायब्रेकरला एक पेनल्टी हुकली की कॉलेजचं वर्ष संपलं. पण निवड समिती हरलेल्या संघातलाही खेळाडू उचलते, म्हणून तीन गोल खाल्ल्यावरही पळत राहा. विद्यापीठ संघात नाव आलं तर शिबिर, आणि मग पश्चिम विभाग: महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. निघण्याआधी अंतर्गत परीक्षेसाठी कॉलेजचं पत्र घ्या. परत आल्यावर ते पत्र मिळवताना दमछाक होते.

आता नोकरीचं. शासकीय भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण नुसत्या आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. स्पर्धेचा स्तर आणि क्रमांक बघतात, शिवाय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लागते. शासन निर्णय स्वतः वाचा, कट्ट्यावरच्या माहितीवर जाऊ नका.

व्यावसायिक फुटबॉलचं स्वप्न असेल तर स्पष्ट सांगतो, कॉलेज म्हणजे उशीर. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात, गेला होता. मैदानाजवळ राहायचं असेल तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) प्रशिक्षकांसाठीचं डी लायसन्स किंवा रेफ्रीची परीक्षा हे रस्ते आहेत. त्यांची चौकशी एसवायलाच करा, कारण टीवायला हंगाम आणि अर्जांच्या तारखा एकमेकांवर येतात.