मॅक्रो सोडून पायथॉनकडे जाताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांत हिशेब सांभाळणारी मुलं मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलं ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, सोडून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चुका सगळ्यांच्या त्याच.

सगळ्यात महाग पडते ती तारीख. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एका मुलाने एप्रिलच्या विक्रीची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल, पांडाजमध्ये घेतली. पांडाज म्हणजे तक्त्यांवर काम करणारी पायथॉनची लायब्ररी. पहिलं बिल 01/04 चं. पांडाज आधी महिना धरतं, म्हणून ते 4 जानेवारीत गेलं. 2 एप्रिलचं फेब्रुवारीत, 12 एप्रिलचं थेट डिसेंबरात. 13/04 आल्यावर मात्र तेरावा महिना कुठून आणणार? प्रोग्रॅम एरर देऊन थांबला. त्याने नेटवरून ‘कोअर्स’ हा पर्याय उचलून लावला. त्याचा अर्थ, न कळलेली तारीख रिकामी ठेव. एरर गेली, पण महिनावार बेरजेत पांडाज रिकाम्या तारखेच्या ओळी धरत नाही. तेरापासून पुढची सगळी बिलं गायब! “सर, आता चालतंय,” म्हणून त्याने रिपोर्ट दिला. मालकांनी जीएसटीच्या आकड्यांशी ताळा घातला तेव्हा सगळं उघडं पडलं.

ही मॅक्रोतल्या ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ची, म्हणजे एरर आली तरी दुर्लक्ष करून पुढे जाण्याची, सवय. पायथॉनमध्ये तीच ‘एक्सेप्ट’खाली ‘पास’ लिहून येते. एरर दिसली की मुलांना ती घालवायची घाई होते, वाचायची नाही. मला हे अजिबात चालत नाही.

मी तारखेचा कॉलम आधी मजकूर म्हणूनच घेतो. मग दिवस, महिना, चार आकडी वर्ष असा क्रम स्वतः लिहून देतो. फाइल उघडताना आणि रिपोर्ट काढताना ओळी मोजतो, रकमेची बेरीज जुन्या मॅक्रोशी पैशापर्यंत जुळवतो. जुळेपर्यंत जुना मॅक्रो बंद करू नका, मालक कितीही मागे लागले तरी.

कॉलम आकडा म्हणून घेतला तर डिझाइन नंबर 0457 चा 457 होतो. तोही मजकूर म्हणून घ्या.

मॅक्रो एआयला देऊन जसाच्या तसा पायथॉनमध्ये उतरवू नका. सेलमागून सेल फिरणारे तेच लूप परत येतात. पांडाजमध्ये अख्ख्या कॉलमवर एका ओळीत काम होतं, ते शिका.

ओपनपायएक्सेल या एक्सेल फाइल हाताळणाऱ्या पायथॉनच्या लायब्ररीने मॅक्रोची फाइल उघडून सेव्ह करताना ‘कीप व्हीबीए’ हा पर्याय (व्हीबीए म्हणजे मॅक्रोची भाषा) चालू केला नाही, तर आतले मॅक्रो जातात. आधी फाइलची कॉपी काढा.