मण्यांचं तोरण करायचंय? आधी एवढं जमवून ठेवा

गणपतीला दीड महिना आहे तोवर दाराची चौकट मोजून घ्या. आमच्या चाळीतल्या खोलीचं दार 90 सेंटिमीटर आहे. दर 3 सेंटिमीटरला एक सर सोडली की 31 सरी होतात. वीतभर नको, 15 सेंटिमीटरची सर पुरे. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागते.

मण्यांचा नंबर वाढतो तसा मणी बारीक होत जातो, हे बाजारात जाण्याआधी लक्षात असू द्या. 11 नंबरचा साधारण 2 मिलिमीटर, 8 नंबरचा 3. तोरणाला 8 नंबर घ्या, एका सरीत पन्नासेक मणी बसतात. म्हणजे सरींनाच दीड हजारावर मणी लागले, वरची पट्टी वेगळी. 11 नंबर ताटाभोवतीच्या महिरपीसाठी ठेवा. नळीचे मणी झगमगतात खरे, पण त्यांची कड धारदार असते आणि दोरा कापते, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी हवाच. गुजरातेतल्या खंबातचा अकीक, म्हणजे रंगीत दगडाचा मणी, गळ्यातच शोभतो, तोरणाला जड होतो. (गुजरातेतल्याच लोथलच्या उत्खननात मणी घडवायचा कारखानाच सापडला, इतकी ती कला तिकडे जुनी.) काळे मणी मंगळसूत्राचे, ते आम्ही तोरणात ओवत नाही.

मणी आणायला मुंबईतल्या भुलेश्वरच्या बाजारात सकाळीच जा, आणि एका रंगाचे सगळे मणी एकाच वेळी घ्या. पुढच्या खेपेला तोच लाल मिळेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी आल्यावर प्रत्येक रंगाचे दहा-बारा मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या रुमालावर घासा. मी एका वर्षी हे केलं नाही. एका दुकानातून आणलेल्या लाल मण्यांचा रंग पावसाळी हवेत सुटला, शेजारचे पांढरे मोती गुलाबी झाले आणि महिनाभराचं काम उसवावं लागलं. सासूबाई शेजारी बसून मणी निवडत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून परीक्षेशिवाय एकही मणी ओवत नाही.

ओवायला सुती दोरा नको, मुंबईच्या दमट हवेत तो कुजतो. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घ्या. तो ताठ असतो, त्यामुळे सुईही लागत नाही. गाठीवर गाठ तीनदा मारा आणि उरलेलं टोक पेटत्या उदबत्तीला हलकेच टेकवा. तंगूस वितळून बारीकसा गोळा होतो आणि गाठ सुटत नाही. मात्र उदबत्ती मण्यांपासून लांब धरा.

शेवटी एक स्टीलचं ताट आणि त्यात अंथरायला जुन्या मखमलीचा तुकडा. मखमलीवर मणी घरंगळत नाहीत, आणि पंखा लावूनही बसता येतं.