टोपणनावाने अकाउंट काढायचंय? मग नंबरचं आधी बघा

कुणालाही विचारा, एकच सल्ला मिळतो, व्हीपीएन घे. अहो, व्हीपीएनने साइटला तुमचा खरा आयपी अ‍ॅड्रेस दिसत नाही इतकंच, आत जाऊन तुम्ही नेहमीच्याच जीमेलने लॉगिन केलंत तर तो बिचारा काय करणार. इन्कॉग्निटोचंही तेच, हिस्ट्री तुमच्या मशीनवर राहत नाही, बाकी साइटला सगळं दिसतं.

नवीन ईमेल काढा, ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवा. नाव मात्र आधी कुठेच न वापरलेलं हवं, एखाद्या जुन्या गेममध्येसुद्धा नाही. सिल्क रोड ही ड्रग्ज विकणारी छुपी साइट चालवणारा रॉस उलब्रिक्ट टॉरच्या, म्हणजे ओळख लपवणाऱ्या नेटवर्कच्या आड बसला होता, पण ज्या 'अल्टॉइड' नावाने साइटची जाहिरात केली त्याच नावाने २०११ मध्ये एका फोरमवर कामाला माणसं हवीत म्हणून स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता देऊन ठेवला. २०१३ मध्ये आत गेला.

आता खरी मेख, फोन नंबर. माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच खाल्लं गेलंय. लोक सांगतात, कॉन्टॅक्ट्सची परमिशन देऊ नका, झालं काम. तेवढ्याने काही होत नाही! तुम्ही नाही दिलीत, पण तुमच्या मावसभावाने त्याची अख्खी फोनबुक अ‍ॅपला कधीच देऊन टाकलेली असते, त्यात तुमचा नंबर असतो, आणि तोच नंबर नव्या अकाउंटला लावलात की 'हे तुमच्या ओळखीचे असू शकतात' म्हणून तुम्ही थेट त्याच्या स्क्रीनवर.

बरं, नंबर एकाच जागी नसतो. साइन अपला वेगळा, रिकव्हरीला वेगळा, ओटीपीला वेगळा, तिन्ही सेटिंग उघडून बघा. ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा (ते नंबरशिवाय फोनवरच कोड बनवतं), बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. 'नंबरवरून शोधता येईल' हे ऑप्शन बंद. मग लॉगआउट करून 'पासवर्ड विसरलात' दाबा. तिथे बऱ्याचदा नंबरचे शेवटचे दोन आकडे नाहीतर ईमेलचं पहिलं अक्षर दिसतं, आणि ओळखीच्या माणसाला तेवढं पुरतं. नंबरशिवाय अकाउंट मिळतच नसेल तर माझ्या मते ती सेवाच सोडा.

फोटो टाकताना लोकेशन काढा, जुना डीपी परत वापरू नका.

हे सगळं नातेवाईक आणि ऑफिसवाल्यांपुरतं हं, पोलीस रीतसर कागद घेऊन कंपनीकडे गेले तर लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदी, निघतात. आणि कृपा करून खऱ्या अकाउंटवरून पहिला लाइक तुम्हीच ठोकू नका.