लेदर जॅकेटची निगा राखताना या चुका टाळा

रायडिंगचं लेदर जॅकेट रस्त्यावर खराब व्हायला वर्षं लागतात. घरी ‘स्वच्छ’ करायला घेतलं की एका रविवारी काम होतं. त्यातही लेदर काळं, तपकिरी किंवा मरून रंगवलेलं असेल तर पहिला फटका रंगालाच बसतो.

लेदर कुठल्या जातीचं आहे हे न बघताच लोक फडकं उचलतात. खिशाच्या झाकणाखाली पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब तसाच गोल राहिला तर वर पिगमेंटचा, म्हणजे रंगाचा, थर आहे. बरीचशी रायडिंग जॅकेट्स याच प्रकारची असतात आणि ती बऱ्यापैकी सोसतात. थेंब मुरून तिथे गडद डाग पडला तर ते अ‍ॅनिलिन, म्हणजे रंग आत मुरवलेला आणि वर संरक्षण जवळपास नाही. कोपरावरचा पापुद्रा सुटून खालचं कापड दिसत असेल तर मात्र ते लेदरच नाही, पीयू म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली लेदर आहे. त्यावर कंडिशनरचे (लेदर मऊ ठेवणाऱ्या क्रीमचे) पैसे घालवू नका. सुटलेला पापुद्रा कशानेही परत बसत नाही.

पुसायला फडकं पांढरंच घ्या, सुती. रंगीत फडक्यावर रंग उतरतोय हे कळत नाही. ओलं करून घट्ट पिळा आणि काखेजवळ, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, हलक्या हाताने फिरवा. काळ्या जॅकेटवर मळ कुठला आणि रंग कुठला हे पटकन ओळखू येत नाही, म्हणून फडक्याचा कोरा कोपरा घेऊन तीच जागा पुन्हा पुसा. मळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कमी होतो. रंग असेल तर तेवढाच उतरत राहतो. तसं झालं तर तिथेच थांबा.

कपड्यांचा साबण नको, डिटर्जंट तर नकोच. लेदर मुळात आम्लधर्मी असतं, पीएच साधारण 4 ते 5. साबणाचा पीएच 9-10 च्या घरात. कमावताना लेदरमध्ये मुरवलेली तेलं आणि रंग, दोन्ही त्याने सैल होतात. लेदरसाठीचा सौम्य क्लीनर फडक्यावर घ्या, थेट जॅकेटवर ओतू नका. पुसताना एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा अख्खा तुकडा पुसा. मधलाच डाग घासत बसलं की त्याच्याभोवती कडं उमटतं. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि (हो, हेही करणारे आहेत) पेट्रोल वरचा थरच विरघळवतात. कॉलरवरच्या तेलकट काळेपणावर टाल्कम पावडर भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ ब्रशने झटका. एका खेपेत सगळं निघणार नाही, पण रंग शाबूत राहतो.

आता खोबरेल. घरात असतं, फुकट असतं, आणि लावल्या लावल्या जॅकेट काळंभोर दिसतं. तिथेच फसगत होते. रंग परत आलेला नसतो, लेदर फक्त तेलाने ओलं झालेलं असतं. मग त्यावर धूळ बसते, टिचबटणांच्या पितळेभोवती हिरवा चिकट थर धरतो. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात शिवणींवर पांढरट साय दिसली तर नवल नाही. लेदरचा कंडिशनरही पाठीच्या अख्ख्या तुकड्याला वाटाण्याएवढा पुरतो. वर्षातून एकदा-दोनदा लावा, अर्ध्या तासाने उरलेला पुसून काढा. जास्त मऊ झालेलं लेदर ताणतं आणि कोपरावरचं आर्मर (पडल्यावर मार झेलणारं आतलं पॅड) जागेवर राहत नाही. जाळीदार तुकड्यांवर तर बोटाने थापूच नका, भोकं बुजतात.

पांढरे डाग दिसले की सगळे बुरशी म्हणतात. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून मारून बघा. डाग विरघळून नाहीसा झाला तर ती लेदरमधून वर आलेली चरबी. कोरड्या फडक्याने पुसा, काम संपलं. तसाच राहिला आणि कोंदट वास येत असेल तर बुरशी. जॅकेट घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून ब्रशने झटका आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांवर राहिली की बुरशीला आमंत्रणच, आणि मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून वरच असते. त्यामुळे मे महिन्यात भरपूर कंडिशनर लावून जॅकेट प्लॅस्टिकच्या कव्हरात बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. कंडिशनिंग ऑक्टोबरात करा. पावसाळ्यात जॅकेट जुन्या सुती चादरीत, रुंद हँगरवर, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

भिजलेलं जॅकेट उन्हात, हीटरसमोर किंवा गरम इंजिनवर वाळवू नका. आर्मर काढा, पंख्याखाली टांगा, एक-दोन दिवस जाऊ द्या.

उडालेला रंग कंडिशनरने येत नाही. बुटाचं पॉलिश फासलं तर ते आधी तुमच्या शर्टावर, मग मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर उतरतं. पिगमेंटचं जॅकेट असेल तर पाण्यावर आधारित लेदरचा रंग घरी लावता येतो, शेड आधी आतल्या बाजूला जुळवून. अ‍ॅनिलिन असेल तर कारागिराकडेच द्या. मुंबईकरांना त्यासाठी धारावीचा लेदर बाजार आहे. मात्र जॅकेट हातात देण्याआधी विचारून घ्या, रंगावर टॉप कोट, म्हणजे रंग टिकवणारा पारदर्शक थर, मारणार की नुसतं पॉलिश फिरवून चकचकीत करून देणार?